बादलीतली मंडळी

चाकणच्या कंपनीतून निवृत्त होऊन चार महिने झाले आणि विलासरावांनी रहाटणीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत अळ्या पाळल्या. एका काळ्या माशीच्या, बोटाच्या पेराएवढ्या. रंगाच्या जुन्या बादलीत घरातलं खरकटं टाकायचं, अळ्यांनी ते फस्त करायचं आणि तळाशी खत उरायचं. "आज अख्ख्या कलिंगडाच्या साली संपवल्या," असं ते अंजलीताई शाळेतून आल्या की कौतुकानं सांगत.

"माझ्या स्वयंपाकाचं एवढं कौतुक कधी केलं नाहीत," त्या म्हणत. "एक जरी अळी घरात दिसली ना, बादली खाली जाईल. सांगून ठेवते."

एप्रिलातल्या एका दुपारी विलासराव झोपून उठले, तर बादलीत कोणीच नव्हतं. पूर्ण वाढलेली अळी खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत बाहेर पडते, हे ज्या व्हिडिओवरून ते अळ्या पाळायला शिकले होते त्याच्या शेवटी सांगितलं होतं. शेवटपर्यंत त्यांनी तो पाहिला नव्हता.

अळ्या पडद्यावर होत्या, पेपरच्या रद्दीत होत्या, अंजलीताईंच्या घरातल्या सपातांमध्येही होत्या. बत्तीस वर्षं कंपनीच्या क्वालिटी खात्यात काढलेल्या, एकही खराब नग पुढे न जाऊ दिलेल्या माणसानं चिमटा घेतला आणि एकेक उचलून स्टीलच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. मग ते कठड्यावरून खाली डोकावले. खालच्या मजल्यावरच्या छबूबाईंनी बाहेर बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. वरून एकेक अळी टपकन त्यांत पडत होती.

सोसायटीची जमीन एके काळी छबूबाईंच्या सासऱ्यांची. त्यांचा शब्द कमिटीत कोणी मोडत नसे. त्यांनी तक्रार केली, की बादली गेलीच. आणि बादली गेल्यावर दिवसभर करायचं काय, हे विलासरावांना खरोखरच माहीत नव्हतं.

बेल वाजली. दारात अंजलीताई, आणि त्यांच्या मागे अळ्या पडलेल्या कुरडयांचं ताट घेऊन छबूबाई.

"ह्या कुणाच्या वं?" छबूबाईंनी ताट पुढे केलं.

"गच्चीवरून आल्या असतील..." विलासराव पुटपुटले. डबा त्यांनी पाठीमागे धरला होता.

अंजलीताईंनी ताटाकडे पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आमच्या आहेत," त्या म्हणाल्या. "ह्यांनी जीव लावून वाढवल्यात. तुमच्या कुरडया मी करून देते, मावशी."

त्या रागावल्या असत्या तर विलासरावांना सोसलं असतं. या बोलण्यावर मात्र त्यांना डबा लपवून धरवेना; त्यांनी तो पुढे आणला.

"कुरडयांचं ऱ्हाऊ द्या," छबूबाई म्हणाल्या. "आजून हायत का? माण गावाला लेकीकडं कोंबड्या हायत माज्या. आदी उकिरडा उकरला की गावायच्या त्यांस्नी अशा अळ्या. आता उकिरडाच कुटं ऱ्हायलाय?"

त्या आत येऊन बसल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी या घरचा चहा घेतला.

विलासरावांनी डबा छातीशी धरला. "सगळ्या नेणार?"

"मंग तुमी काय करनार ठिवून?"

"माश्या होतील त्यांच्या. त्या माश्या काही खात नाहीत. अंडी घालतात आणि चार-आठ दिवसांत संपतात."

छबूबाईंनी डबा घेतला आणि शेताचा बांध घालावा तशी बोटानं मधोमध रेघ ओढली. "निम्म्या तुमच्या माश्यांस्नी, निम्म्या माज्या कोंबड्यांस्नी."

आठ दिवसांनी त्या आपल्या कोंबड्यांची सहा अंडी देऊन गेल्या. अंजलीताईंनी कांदा-मिरची घालून आम्लेट केलं आणि ताट नवऱ्यापुढे ठेवलं. विलासराव नुसतेच बघत बसले.

"खा की, गार होतंय."

"खातो," ते हळूच म्हणाले. "पण यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो गं."