पोटातली बाई

कुडपणच्या दत्तारामचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं. रक्तदाब एकशे ऐंशीच्या खाली उतरेना. नात श्रुतिका मांडीवर बसली तरी तिचं तोंड त्याला धड दिसत नव्हतं, आणि याचं त्याला फार वाईट वाटे.

"काका, पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही," पोलादपूरच्या डॉक्टर अनुपमा म्हणाल्या. "ती संप्रेरकं सोडते. रक्तातून ती मूत्रपिंडाला, मेंदूला निरोप पोचवतात आणि दाब चढतो. गोळ्या घ्या, पण पोटही उतरवा."

दत्तारामच्या अंगावर काटा आला. वडे-कोंबडी घालून जिला पोसलं, तीच आत बसून चहाड्या करते! तेव्हापासून भर दुपारी ओटीवर आडवं झालं की त्याला आतून कुजबुज ऐकू येई. पोटावर हात ठेवून तो हळूच विचारी, "कोनाला सांगतेस गो?"

बायको रंगूबाईनं हे ऐकलं मात्र, तिनं त्याला घेऊन थेट सोनबा भगताला गाठलं. सोनबानं तांदूळ टाकून डोळे मिटले. "बाई हाय. भुकेली हाय. याच्या रातच्या जेवणाचा उतारा चढावरच्या तिठ्यावर ठेवा, एकेचाळीस दिस. यानंच न्यायचा. मागं बगायचं नाय."

रोज दिवेलागणीला दत्ताराम वडे-रश्श्याचं ताट घेऊन चढ चढे आणि ठेवून पाठ फिरवे. लगेच मागून हाडं फोडल्याचा आवाज येई. मग तो धापा टाकत घर गाठी आणि वाटीभर पेज पिऊन निजे. सकाळी ताट लख्ख असे.

बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरांनी दाब दोनदा मोजला. एकशे तीस! वजन सहा किलोंनी उतरलेलं.

"काय केलंत?"

"तिला भायेर जेवाया घातली."

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा श्रुतिकाच्या हनुवटीवरचा तीळ दिसला आणि दत्ताराम सगळ्यांदेखत रडला.

पुढं बरं वाटल्यावर तो भरदिवसा नारळ घेऊन तिठ्यावर गेला. झाडाखाली कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. दोन्ही बाजूंनी सुटलेलं ते पोट त्यानं ओळखलं. ते त्याचंच पोट होतं!

माणूस वळला. घामानं निथळलेला सोनबा.

"माफ कर रे. उतारा मीच खायचो. आता डोकं धडधडतं, आतनं कोन तरी बोलतं."

दत्तारामला राग आला आणि हसूही फुटलं. "एकेचाळीस दिस जेवलास व्हय रे?"

"नाय रे! मी दहाव्या दिसापासनं यायला लागलो. ताट रोज रिकामं व्हतंय असं रंगूबाई बोलली, मंग मला हाव सुटली."

दत्तारामचं हसू तोंडातच राहिलं. "मंग पयले नऊ दिस?"

दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले आणि चढ उतरायला लागले. त्या वेळी दाब मोजायला डॉक्टर जवळ नव्हत्या, हे बरंच झालं.