लाल अक्षरांशी अक्कांचं वाकडं

आमच्या धुळ्याच्या कॉलेजातला संगणक चुकलेल्या माणसाशी अहिराणीत बोलतो. ही करामत अक्कांची. अक्का आमच्या प्रयोगशाळेच्या सहायक, आणि मी त्यांचा विभागप्रमुख. निदान दारावरची पाटी तरी तसं म्हणते.

प्रोग्रॅमिंग शिकवायला आम्ही क्लाउडवर कोडच्या वह्या ठेवल्या आहेत. शिरपूरकडच्या पाड्यावरची मुलगीसुद्धा मोबाइलवर लिंक उघडते, चौकटीत दोन ओळी लिहिते, बटण दाबते, की खाली उत्तर हजर. चुकलं तर मात्र वीस ओळी लालभडक इंग्रजी. अक्कांनी ते लाल हटवलं. आता कंस बंद करायचा राहिला की वही म्हणते, "भिऊ नको माय. काय चुकनं, आपन देखूत." आणि चुकलेली ओळ दाखवते.

प्राचार्यांना हे नेमकं तपासणी समिती यायच्या आठवड्यात कळलं. "शैक्षणिक वाटत नाही," ते म्हणाले. मी निरोप पोचवला.

"नाही काढणार," अक्का कीबोर्ड पुसत म्हणाल्या.

"अक्का, वरून आदेश आहे."

"वरचे चुकले तर त्यांच्यावर कोण ओरडतं? माझ्या पोरी लाल बघून वही मिटतात, त्या परत उघडत नाहीत. हात लावून बघा सर."

मी हात लावला. अक्का जेवायला गेल्याची वेळ साधून थेट चालू सर्व्हरमध्ये शिरलो, अहिराणी पुसली, इंग्रजी परत आणलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला. दुसऱ्या दिवशी समितीसमोर पडद्यावर वही उघडली. छाप पाडण्याच्या नादात कंस मीच विसरलो. भल्यामोठ्या अक्षरांत उत्तर आलं, "भिऊ नको माय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरोखरच भ्यालो होतो.

"कोणी वापरत नसलं की सर्व्हर झोपतो सर," अक्का नंतर शांतपणे म्हणाल्या. "उठला की सेटअपच्या फाइलवरून सगळं नव्यानं उभं करतो. तुम्ही भिंतीला रंग दिला. माझं घराच्या पायात शे."

वर्गात हा धडा मीच शिकवतो.

समितीचा शेरा आला: आठ दिवसांत संदेश काढा. या खेपेला मी पुराव्यानिशी अक्कांना गप्प करायचं ठरवलं. ते संदेश कोणी वाचतच नाही हे दाखवायला चुकांच्या नोंदी उघडल्या. पाड्यांवरच्या मुलींची नावं रांगेनं होती. चुकत होत्या, आणि दोन मिनिटांत पुन्हा लिहीत होत्या. माझा पुरावा तिथेच आडवा झाला.

त्या रांगेत एक नाव मात्र बसेना. अक्कांचं. दर रविवारी दुपारी चार वाजता, सोनगीरच्या घरून. एकच ओळ, आणि दर वेळी तोच उघडा कंस. माझे कंस मिटत हिंडणारी बाई ही.

मग आठवलं. त्यांची आई गेल्यावर अक्का चारच दिवस रजेवर होत्या. परत आल्या त्याच आठवड्यात वही अहिराणी बोलायला लागली. कॉलेजात आम्ही सगळे पुस्तकी बोलतो. सोनगीरच्या घरात आता अहिराणी बोलायला दुसरं माणूस नाही.

शेऱ्याला उत्तर मी स्वतःच्या हातानं लिहिलं: "मुली चुकून परत येतात, म्हणून संदेश राहतील. मान्य नसल्यास विभागप्रमुख बदलावा." एवढी ठसठशीत सही मी लग्नाच्या नोंदणीतही केली नव्हती.

शनिवारी सेटअपच्या फाइलमध्ये, या वेळी बरोबर जागी, फक्त रविवारपुरती एक ओळ घातली: "जेवन व्हयनं का?"

सोमवारी अक्का दारात उभ्या. "सर, माझ्या फाइलीत कोणाचा हात गेला?"

"काढू का?"

त्यांनी फडकं उचललं आणि माझा कीबोर्ड पुसायला घेतला. तो स्वच्छ होता.

"राहू द्या," म्हणाल्या. "काल नव्हते जेवले. मग उठून भाकरी टाकली."