पाण्याविना गेलेल्या बाळाच्या ओळीची हकीकत

आकाश आणि पृथ्वी ज्याने केली त्या एका देवाचे स्मरण करून, येशूजन्मापासून एकोणीसशे त्रेसष्टावे वर्ष, नाताळाअगोदरचा आगमनकाळ, ते समयी पुस्तकांच्या राज्यात जे वर्तले ते लिहिते. राज्य म्हणजे तीन खोल्या, मागे छापखाना आणि अंगणात एक चिंच. परंतु मुलखात जितकी ख्रिस्ती घरे तितक्यांच्या उशाशी आमची प्रार्थनापुस्तके असत, म्हणून राज्यच म्हणावे. गादीवर नथानिएलराव कारभारी, आणि त्यांचे उजवे हातास धर्मसल्लागार रेव्हरंड बर्नबासराव अमोलिक, गावच्या मंडळीचे पाळकही तेच. त्यांची दृष्टी अधू, म्हणून हस्तलिखित मी, तेथली लेखनिक, मोठ्याने वाचावे आणि त्यांनी डोळे मिटून ऐकावे आणि जेथे धर्ममत चुकले वाटेल तेथे बोट उचलावे आणि मग मी निळी रेघ मारावी, ऐसा शिरस्ता होता. परंतु राज्याचा एक कायदा सल्लागारासही लागू असे, तो हा की शास्त्रातले वचन समासात लिहिल्याविना कोणाची ओळ तोडू नये. या कायद्याने बर्नबासरावांनी थोर मोहिमा केल्या. नाताळच्या नाटकातील मेंढपाळ चहा पीत होते, त्यांचा चहा बंद केला, आणि फराळाच्या पुस्तकातील केकातून ब्रँडी काढविली, वचनासकट, तेव्हा मंडळीतल्या बायका बोलिल्या, "पाळकसाहेब, वचन पक्के आणि केक त्याहून पक्का, दात लागेना."

ऐशात करुणाबाई शिरसाठ, मुलींच्या शाळेतील बाई, यांचे पुस्तक आले. मूल गेलेल्या आयांसाठी प्रार्थना लिहिल्या होत्या. बाईंचा स्वतःचा मुलगा दोन दिवसांचा होऊन गेला होता, बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडण्याअगोदर. मी वाचीत गेले आणि बर्नबासराव मान डोलवीत गेले आणि मग ही ओळ आली, "माझे बाळ पाण्याविना गेले, तरी प्रभूने त्याला दारात उभे ठेवले नाही." त्यासरशी बोट वर जाहले. मी रेघ मारिली आणि पुसिले, "वचन कोणते लिहू?" ते बोलिले, "वचन मागाहून." एकतीस वर्षांत हा शब्द मी प्रथमच लिहिला.

मग जुळाऱ्याने त्या पानाचे शिशाचे खिळे जुळवून सुतळीने बांधून ठेविले आणि खिळे मोजके, ते अडले म्हणून बाकी पुस्तक अडले, आणि नाताळ तर तीन आठवड्यांवर. कारभाऱ्यांनी करुणाबाईंस लिहिले की एवढी ओळ गाळू द्यावी. बाई चालत आल्या, छत्री भिंतीस टेकविली आणि बोलिल्या, "ओळ गाळायची तर पुस्तकच परत द्या. बाकीचे सगळे मी त्या ओळीपाशी यायला लिहिले आहे." बर्नबासराव सौम्यपणे बोलिले, "करुणाबाई, दुःख तुमचे खरे. पण मंडळी आपले पुस्तक धर्ममत म्हणून वाचते. जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे कसे छापावे?"

"ओळ माझी नाही, पाळकसाहेब. तुमची आहे."

"माझी?"

"बाळ बरे नव्हते तेव्हा बाप्तिस्म्यास तुम्हांस बोलावणे धाडिले, तर तुम्ही इथे पुस्तकांच्या बैठकीस होतात. आलात ते मातीला. कबरस्तानाच्या कोपऱ्यात, जिथे बाप्तिस्मा न झालेल्यांस पुरतात आणि क्रूस लावू देत नाहीत तिथे उभे राहून तुम्ही म्हणालात, प्रभू, याला दारात उभे ठेवू नकोस. मी घरी येऊन लिहून ठेविले."

बर्नबासरावांनी चष्मा काढिला आणि पुसला आणि पुन्हा लाविला नाही. मग बोलिले, "ती विनंती होती, बाई. हे तर विधान."

"म्हणजे मागितलेत, आणि मिळणार नाही ऐसे वाटत होते? मग माझ्यासमोर मागितलेत कशाला?"

कारभारी चिंचेकडे पाहत राहिले. बाईंनी छत्री उचलिली आणि गेल्या.

मग तीन दिवस बर्नबासराव वचनसूची घेऊन बसले. मी शब्द वाचावा, दार, पाणी, बाळ, आणि त्यांनी मान हलवावी, हे नव्हे. बाळांस आत घेतल्याची वचने निघाली. अडविल्याचे एक निघेना. चौथे दिवशी त्यांनी मजकडून पेन्सिल घेतली आणि समासात आपल्या हाताने, वाकड्या अक्षरांत लिहिले, "वचन मिळाले नाही. ओळ राहावी." आणि जुळाऱ्याने सुतळी सोडिली आणि पुस्तक नाताळापूर्वी तीन दिवस निघाले.

पुढे उन्हाळ्यात तांबटांच्या आळीतील एक मूल तसेच पाण्याविना गेले. कोपऱ्यात माती दिली. करुणाबाई आल्या होत्या, मीही होते. बर्नबासरावांनी हात वर केले आणि ऐशा वेळची ती सर्वांस पाठ असलेली विनंती येणार म्हणून आम्ही डोळे मिटले. ते बोलिले, "प्रभू, याला तू दारात उभे ठेवले नाहीस." आणि आमेन करुणाबाईंनी म्हटले, सर्वांच्या अगोदर.

हकीकत इतकीच. ते राज्य आता नाही, खिळे वितळले, चिंच तोडली. त्या कोपऱ्यात पुढे क्रूस लागले. जे मी माझ्या आवाजाने वाचिले आणि माझ्या कानांनी ऐकिले ते लिहिले. या हकीकतीस "वचन मागाहून" नाही.