टेबलाचे साक्षीदार

"हे टेबल डावीकडे कललंय," सर स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"कललेलंच आहे, सर," बारकी म्हणाली.

कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या वर्गाला सत्राचं मोठं काम दिलं होतं. आपल्या घरातलं अभ्यासाचं टेबल वरच्या पसाऱ्यासकट कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करायचं. फोटो काढायचा नाही, समोर बसून मोजून करायचं. बारकीने सगळी सुट्टी टेप घेऊन टेबलापुढे घालवली होती. कपाचे गोल डाग, पायाखालची पुठ्ठ्याची घडी, अर्ध्यात अडकलेला खण, मान टाकलेला दिवा, एक काडी वाकलेला बाबांचा चष्मा, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. यात नापास झाली तर वर्ष जाणार होतं.

"खण बंद होत नाही, दिवा पडायला आलाय, चष्म्याच्या दोन काड्या दोन दिशांना," सर म्हणाले. "तुला सरळ रेष जमत नाही आणि खापर घरच्या टेबलावर फोडतेस."

"नाही हो सर, ते खरंच तसं आहे."

"मग उद्या टेबलाचा फोटो आण. असंच निघालं तर पास."

बारकीला हायसं वाटलं. ती घरी पोचली तेव्हा बाबा हातोडी जागेवर ठेवत होते. टेबल ताठ उभं होतं. खण आत गेला होता, दिव्याने मान वर काढली होती, डाग घासून टाकले होते, चष्म्याची काडीही सरळ केली होती आणि खोलीभर पॉलिशचा वास होता.

"हे कुणी केलं?"

"मी. रजा टाकली आज," बाबा म्हणाले.

त्याचं असं झालं होतं. आदल्या दिवशी बारकीने आपलं चित्र मोठ्या कौतुकाने मावशीला दाखवलं होतं. मावशी वर्षानुवर्षं त्याच टेबलाला टेकून चहा पीत आली होती, पण टेबल तिला दिसलं ते चित्रात. "अगं बाई, केवढं वाकडं आहे हे," ती म्हणाली. "आणि भाऊजी लोकांची वजनमापं तपासत गावभर फिरतात." बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा तराजू केसभर झुकला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मावशीचं बोलणं त्यांना चांगलंच लागलं.

बारकीने घरातले सगळे जुने फोटो उपसले. टेबल कुठेच धड दिसेना. ज्या फोटोत होतं त्यात पुढे मावशी उभी होती. "बाबा, जरासं परत वाकडं करू या?" तिने विचारून बघितलं. बाबांनी अशा नजरेने पाहिलं की तिने विषय सोडला.

"अहो, मग तुम्हीच जा ना कॉलेजात," आई म्हणाली. "सांगा त्यांना, वाकडं होतं, मी ठीक केलं. पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे."

"जातो की. त्यात काय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बाबा सरांपुढे बसले. बाबा वजनमापं खात्यातले निरीक्षक आहेत हे कळल्यावर सरांनी चहा मागवला आणि आपण उगाच शंका घेतली असं त्यांना वाटू लागलं.

"मोजमापातला माणूस म्हणेल ते मला मान्य आहे," सर म्हणाले. "तुम्हीच सांगा, तुमच्या घरी असं टेबल होतं?"

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. खणाकडे, पुठ्ठ्याकडे, स्वतःच्या चष्म्याकडे पाहिलं. मग शर्टाची कॉलर नीट केली.

"आमच्या घरात," ते म्हणाले, "असं टेबल कधीच नव्हतं."

बारकीच्या पायाखालची जमीन सरकली. तिला इतका राग आला की रडूच फुटणार होतं. पण बाबांचे कान लाल झालेले दिसले आणि रागाबरोबर तिला त्यांची दयाही आली.

सरांनी चित्र मोठं करून पुठ्ठ्याच्या घडीवर नेलं. "इतक्या बारकाईने केलेला पुठ्ठा चुकून होत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे हे सगळं तू मनाने रचलंस?"

बारकीने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते.

"हो सर," ती म्हणाली.

"तरीच. आता कळलं मला," सर खुर्चीत पुढे सरकले. "इथे बसणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. आळशी, चिकट, आज करायचं ते पुढच्या वर्षावर ढकलणारा. वर लोकांना शिस्त शिकवत असणार. माणूस न दाखवता माणूस दाखवलास तू. वर्गात हे कुणाला जमलेलं नाही."

बाबांना चहाचा ठसका लागला. सरांनी त्यांना पाणी दिलं, मुलीचं अभिनंदन केलं आणि वर्गातले सर्वांत जास्त गुण तिच्या नावापुढे मांडले.

"पण कल्पना आता पुरे," ते बारकीला म्हणाले. "पुढचं काम तुला वेगळं देतो. स्वतःचं अख्खं घर, जसं आहे तसं. आणि या वेळी मी स्वतः येऊन ताडून बघणार."

दोघं घरी निघाली. चौकात आल्यावर बाबांनी विचारलं, "त्या घराच्या कामाला किती मुदत आहे?"

"महिनाभर."

"मग मोजायची घाई करू नकोस," बाबा म्हणाले, आणि रस्ता ओलांडून रंगाच्या दुकानात शिरले.