पाइंट मरतात कधी?

भरल्या बसमध्ये मी माझ्या क्रेडिट कार्डाचा नंबर खणखणीत आवाजात वाचून दाखवला आहे. सगळाच्या सगळा. पाठीवरच्या तीन आकड्यांसकट. शेवटच्या सीटपर्यंत नक्की गेला असणार, कारण शाळेत शिकवायचे तेव्हा माझा आवाज मैदानापलीकडच्या नळापर्यंत जायचा आणि तिथली पोरं पाणी पिता पिता ताठ व्हायची.

तेव्हा मी लहान होते. अठ्ठावन्न वर्षांची. पेन्शन नवी, अक्कल जुनीच. एका टायवाल्या पोरानं मॉलच्या दारात मला गाठलं, चाकांची बॅग फुकट दिली आणि म्हणाला, "मॅडम, हे ट्रॅव्हल कार्ड आहे." आता आमच्या अमरावतीत ट्रॅव्हल्स म्हणजे एकच. पडदे लावलेली, पुण्याला जाणारी खासगी बस. मला वाटलं, एसटीत आधारकार्ड दाखवून सवलत मिळते, तसं हे ट्रॅव्हल्सवाल्यांनी काढलेलं दिसतं. चांगलं केलं बिचाऱ्यांनी.

तर अकोल्याला जायला ट्रॅव्हल्समध्ये चढले. क्लीनर आला. मी मान ताठ करून कार्ड पुढे केलं.

"काकू, हे बँकेचं हाय."

"ट्रॅव्हल लिहिलंय. वाचता येत नाही?"

"येते ना. पण तिकीट?"

मी त्याला ढ विद्यार्थ्यांच्या रांगेत बसवलं आणि म्हटलं, "नंबर सांगते, तुझ्या मोबाइलमध्ये बघून घे." शुद्धलेखन घालावं तसे चार-चार आकडे सुटे करून, प्रत्येक गट दोनदा. पाठीवरचे तीन आकडे सांगितले आणि तेवढ्यात मागून एक हात येऊन माझ्या तोंडावर बसला. हाताला शेणखताचा वास होता.

"ईनबाई, चूप!"

गोकर्णाबाई. माझ्या सुनेची आई. विहीणबाईचं त्या 'ईनबाई' करतात. रोपांची ऑर्डर पोचवायला अमरावतीला आल्या होत्या आणि मी त्यांच्याबरोबरच अकोल्याला निघाले होते. माझे डोळे भरून यायला लागलेले पाहून म्हणाल्या, "पयले कार्ड बंद करा, मंग रडा." मी फोनवर बँकेचा नंबर शोधायला लागले, तर त्यांनी तो हिसकावून घेतला. "गुगलवरचा नाई! तिथं चोरच बसले रायतात. कार्डाच्या पाठीवरचा लावा." बस बडनेऱ्याच्या पुढे जायच्या आत कार्ड बंद झालं. क्लीनर हळूच म्हणाला, "काकू, तसा मी लिहून नाई घेतला." गोकर्णाबाई त्याच्याकडे वळल्या. "तू नाई घेतला. बाकीच्या बसचं काय?" आणि सगळ्या बसकडे अशी नजर टाकली, की लोकांनी पडदे ओढून घेतले.

त्या दिवसापासून मी त्यांच्या शिकवणीला आहे.

गोकर्णाबाईंची बार्शीटाकळी रस्त्यावर नर्सरी आहे. मोगरा, लिंबू, संत्र्याची कलमं, आणि ग्राहकाला गरज नसताना गळ्यात मारायला कढीपत्ता. कृषीची पदवी आहे, आता गाडीही आहे, गल्ला भरलेला आहे. बोलणं मात्र वऱ्हाडीच, आणि आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणतात तसं 'मी येतो, मी जातो'. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून बाई टेकलेली कोणी पाहिली नाही. चहा चालता चालता. फोन चालता चालता. घरात खुर्च्या आहेत, पण त्यांवर रोपांचे ट्रे बसतात. "बसा" म्हटलं की म्हणतात, "बसतो ना, हे एवढं झालं की." 'हे एवढं' अजून झालेलं नाही.

त्यांच्याकडेही एक ट्रॅव्हल कार्ड आहे. ते त्या रिकाम्या बियाण्याच्या पाकिटात ठेवतात, आणि पाकिटाच्या आत पोळ्यांची चंदेरी फॉइल. हवेतून पैसे ओढणारे लोक असतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलंय. दुकानात त्या फॉइल उलगडायला लागल्या की दुकानदाराला वाटतं, बाई आता डबा खातात की काय. एकदा तर ती फॉइल खरंच पोळीची निघाली आणि कार्ड डब्यात जाऊन बसलं होतं. तरी सवय सुटली नाही.

दुसरं म्हणजे, "कार्ड जाईन तिथं मी जाईन." हा त्यांचा मंत्र. अकोल्यात एका हॉटेलात आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. वेटर बिलाच्या वहीत कार्ड घालून निघाला, तशा या त्याच्या मागे. तो काउंटरला, या काउंटरला. मशीन आतल्या खोलीत, या आतल्या खोलीत. वाटेत भटारखाना लागला. बराच वेळ झाला. शेवटी परत आल्या, तेव्हा कार्ड फॉइलमध्ये होतं, आचाऱ्याला वांग्याच्या भाजीत तेल कमी घालायची ताकीद मिळाली होती आणि मालकाला कढीपत्त्याची चार रोपं विकली गेली होती.

आणि पिन दाबताना त्या मशीनवर पदर टाकतात. पूर्ण. मशीन आत, हात आत, मान थोडी झुकलेली, अगदी बाळाला पाजायला घ्यावं तशा. दुकानदार लाजून तोंड फिरवतो. तेच तर त्यांना हवं असतं.

माझं दुसरं कार्ड त्यांनीच निवडलं. मी म्हटलं, "हे घेते, यावर विमानाचं चित्र आहे." त्यांनी बँकेतल्या मुलीपुढे उभ्या उभ्याच प्रश्न टाकले. वर्षाची फी किती? माफ होते का, अन् कितीच्या खर्चावर? ज्या कंपनीचे पाइंट, तिचं इमान नागपुरातून उडते का? (विमानाला त्या इमान म्हणतात. मी सुधारत नाही. इमान असलेलं बरंच.) आणि शेवटी डोळे बारीक करून, "पाइंट मरतात कधी?"

"म्हणजे, मॅडम?"

"जन्माले येतात तं मरत असतीनच ना. केवा?"

ती पोरगी आत जाऊन साहेबांना विचारून आली. तोवर बाईंनी तिच्या टेबलावरच्या सुकलेल्या मनी प्लांटची दोन पानं खुडून टाकली होती.

नव्या कार्डाचे पाइंट वाढावेत म्हणून मी आल्या आल्या एक कुकर घेतला. घरात आधीचे तीन होते. गोकर्णाबाईंनी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "ईनबाई, पाइंट म्हणजे भाजीवरचा सांबार. सांबारासाठी कोनी भाजी घेते का?" (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये.) बिलावर 'कमीत कमी इतके भरा' असं छापून आलं, तेव्हा मला वाटलं होतं, बँक किती समजूतदार! आपल्या ऐपतीचा विचार करते! त्यावर बाई म्हणाल्या, "ते अमरवेल होय. फांदीवर एक तुकडा टाकून पाहा, झाड गेलं म्हनून समजा. बिल येईन तेवढं सारं भरा, तारखेच्या आत. अन् त्या कार्डानं एटीएममधून नगद काढान, तं माझ्या घरी येऊ नका." मी काढली नाही. मला त्यांच्या घरचा आलूभात आवडतो.

चोरांचे फोन त्यांना येतात, तेव्हा मी कान देऊन ऐकते. "मॅडम, आपले पॉइंट आज रात्री संपणार, आलेला नंबर सांगा." गोकर्णाबाई रोपांना पाणी घालता घालता म्हणतात, "मरू दे बावा. तेरवीले ये जेवाले."

एवढी हुशार बाई, पण स्वतःचे पाइंट त्यांनी कधी धड वापरले नाहीत, हे कोडं मला सुटत नव्हतं. लेक बंगलोरला. जुई, म्हणजे माझी सून, आणि माझा निखिल, आणि चार वर्षांची ओवी. जुई दर रविवारी फोनवर म्हणायची, "आई, ये ना गं." या म्हणायच्या, "येतो, येतो. पाइंट पिकू दे." पाइंट पिकायचे. बाई नागपूर-बंगलोर उघडायच्या, तारीख निवडायच्या, प्रवाशाच्या नावापर्यंत यायच्या आणि फोन पालथा घालून मोगऱ्याकडे निघून जायच्या. मग पाइंट मरायला टेकले की त्यांचा मिक्सर मागवायच्या, आणि तो पुतणीला देऊन टाकायच्या. मला सांबाराचा धडा देणारी बाई! मी मनात म्हणायचे, विमानाला घाबरते. किंवा तिथे पट्टा बांधून बसावं लागतं, ते हिला जमणार नाही. दोन-चार जणांत तसा विनोदही केला. तेव्हाही मी लहानच होते.

यंदा दिवाळी झाल्यावर जुई जिन्यावरून घसरली. पायाला प्लास्टर. निखिलला कामासाठी पंधरा दिवस बाहेर जायचं होतं. त्याचा मला फोन आला, "आई, येशील का?" येते म्हटलं, बॅग भरली आणि आधी अकोल्याला गेले, कारण माझं तिकीट मी स्वतः काढावं एवढा माझा माझ्यावर विश्वास नाही.

गोकर्णाबाई अंगणात होत्या. एका पिशवीत दोन-दोन रोपं खोचत होत्या आणि त्यांना ते कळत नव्हतं. मला पाहून नमस्कार नाही, पाणी नाही. "ओवीच्या केसाच्या येण्या कोन घालून राहिलं? जुईले उभं रायता येते का? संडासात जाते कशी ते?"

मी सांगितलं ते ऐकलं-न ऐकलं केलं, हात धुतले, फोन घेतला आणि चालता चालता माझं तिकीट काढायला लागल्या. स्वतःच्या पाइंटांवर. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "मरूनच राहिले ते. कामी येऊ द्या." माझं नाव घातलं, वय घातलं. मी खांद्यावरून डोकावले. पाइंट दोघींना पुरत होते.

"दुसरं नाव टाका की."

"कोनाचं?"

"कोणाचं म्हणजे? तुमचं."

"नर्सरी कोन पाहीन?" म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात देऊन पाण्याची नळी उचलली. ज्या वाफ्याला आत्ताच पाणी दिलं होतं, त्यालाच पुन्हा देऊ लागल्या. इकडून तिकडे. तिकडून इकडे. चिखल झाला. मग माझा संयम संपला. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.

"गोकर्णाबाई, लेकीचा पाय मोडलाय! कसली नर्सरी धरून बसलात? गडीमाणसं काय नुसती शोभेला ठेवलीत? काही सांगू नका. चला म्हणते ना मी! चला माझ्याबरोबर आमच्या घरी!"

नळी तशीच हातात. पाणी पायांवर पडत होतं.

"काय म्हटलं तुमी?"

"चला म्हटलं."

"तुमच्या घरी?"

"मग कुणाच्या? निखिलचं घर ते माझंच ना?"

नळी टाकून त्यांनी हात पदराला पुसले आणि फोन माझ्याकडून घेतला. स्वतःचं नाव टाकलं, वय टाकलं, दोन वर्षं कमी करून, आणि मग पुन्हा खरं केलं. ओटीपी आला. माझ्यापासूनसुद्धा पदराआड झाकून घातला. दोन तिकिटं आली. मग गड्याला हाक मारून पंधरा दिवसांची कामं सांगितली, वरच्या फळीवरची पिशवी काढली, तिच्यात सांडगे भरले, काढले, परत भरले. मी नळ बंद केला.

संध्याकाळी मी अमरावतीला परत निघाले, तेव्हा मला ऑटोपर्यंत सोडायला आल्या. वाटभर ओवीसाठी कोणतं रोप विमानात नेऊ देतील, हेच चाललं होतं. ऑटो सुरू झाला, तशी त्यांनी दांडी धरून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लेक तं हमेशा ये म्हने, ईनबाई. पन लेकीच्या सासरी ईनीच्या बोलावन्याबिगर कशी जाऊ? तुमी कधी चला म्हटलं नाई. मले वाटलं, तुमच्या मनात नसन."