उतारावर एका वेळी एकच

आमच्या ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार जेमतेम तीन गाड्यांएवढा लांब आहे. मोरेश्वर नाचण्यांना तो उतरायला रोज पाच मिनिटं लागतात. पुढची गाडी तळाला जाऊन, वळून, दिसेनाशी होईपर्यंत ते वरच थांबतात. मागे हॉर्नचा कल्लोळ. वॉचमन "यल्ला, यल्ला!" म्हणजे 'चला, चला' म्हणून ओरडतो. नाचणे काच खाली करून सांगतात, "मफी यल्ला! चला-बिला काही नाही! उतारावर एका वेळी एकच!"

मी शेजारच्या सीटवर मान खाली घालून बसतो. बहारीनच्या उम्म अल हस्सम भागात आम्ही एकाच इमारतीत राहतो आणि ऑफिसला त्यांच्याच गाडीतून जातो, त्यामुळे सुटका नाही.

नाचणे मूळचे रत्नागिरीचे, इथे वीस वर्षं चिलरचे, म्हणजे इमारती गार ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रांचे, इंजिनिअर. बर्फ त्यांनी फ्रीजरबाहेर पाहिलेला नाही. बहारीनमध्ये ज्याला डोंगर म्हणतात, त्याला आमच्या कोकणात टेकाडसुद्धा म्हणणार नाहीत. तरी या माणसाच्या डोक्यात चोवीस तास एकच विषय: स्नोमोबाइल. म्हणजे बर्फावर पळणारी मोटरसायकल. ती तीस अंशांहून चढ्या उतारावर नेली की वरचा बर्फ सुटतो आणि माणूस खाली गाडला जातो.

त्यांच्या खिशात कंपासपेटीतला कोनमापक असतो, त्याला दोरा आणि दोऱ्याला नट बांधलेला. त्याने त्यांनी रिफाचा फ्लायओव्हर मोजला, मुलांच्या बागेतली घसरगुंडी मोजली. घसरगुंडी छत्तीस अंश निघाली. तिच्या पायथ्याशी डबा खात बसलेल्या एका कुटुंबाला त्यांनी तिथून उठवलं.

एकदा मी जिन्यात भाजीच्या पिशव्यांसकट आपटलो. नाचणे खालच्या पायरीवर होते. मदतीला येतील असं वाटलं, तर ते भिंतीला चिकटले.

"बोरकर, मी वर येणार नाही! एक अडकला म्हणून दुसरा चढला, की वजनाने दोघंही जातात!"

"अहो, हा जिना आहे!"

"सवय लागली पाहिजे," ते म्हणाले. माझे बटाटे त्यांच्या पायाशी पोचले, ते मात्र त्यांनी मन लावून गोळा केले.

मग आमच्या घरी प्रात्यक्षिक झालं. ताटात खाली साखर, वर दुधाची पावडर, तिच्यावर काडेपेटी. साखर म्हणजे कच्चा थर, पावडर म्हणजे ताजा बर्फ आणि काडेपेटी म्हणजे स्नोमोबाइल. ताट हळूहळू तिरकं करत ते अंश मोजत होते. तीसच्या पुढे सगळा थर एकदम सुटला आणि सोफ्यावर गेला. "बघितलंत? चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही!" ते विजयाने म्हणाले.

"भाऊजी, सोफा पुसणाऱ्याला कळतं," माझी बायको म्हणाली.

हे वेड कुठून आलं ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक ईशा कॅनडात नोकरी करते आणि शनिवारी मित्रांबरोबर ही मशीन घेऊन डोंगरात जाते. वहिनी गेल्यापासून नाचण्यांना तिच्याशिवाय कुणी नाही. ती इथेच वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. फोनवर दोन मिनिटं ऐकते आणि म्हणते, "बाबा, चिल!"

"वीस वर्षं चिलर सांभाळणाऱ्याला चिल सांगते," नाचणे म्हणतात.

तिच्याकडे त्यांचं मागणं एकच: डोंगरावरून उतरलीस की 'आले' एवढं कळव. ती नुसता अंगठा पाठवते. तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची सकाळ. इथे रविवारी ऑफिस असतं; तो अंगठा येईपर्यंत गाडी सुरू होत नाही आणि मला दर रविवारी उशीर होतो.

मागच्या रविवारी सात वाजले, सव्वासात झाले, अंगठा नाही. नाचणे स्टिअरिंगवर हात ठेवून नियम म्हणू लागले. "छातीवर बीकन चालू, गाडलं गेलं तर त्याच्या सिग्नलवरून शोधतात. पाठीवर फावडं. तीसच्या वर जायचं नाही. पायथ्याशी थांबायचं नाही..." मग थांबले. "ती दोनच मिनिटं ऐकते, त्यात सगळं बसवायचं असतं हो. म्हणून तुमच्यावर तालीम करतो. काही विसरलो असेन का?"

इतके दिवस मी या माणसाला हसलो, याची मला लाज वाटली.

आठ वाजता फोन वाजला. चष्मा डोक्यावर होता आणि ते तो डॅशबोर्डवर शोधत होते. "तुम्ही वाचा," म्हणाले.

इंग्रजी तीन अक्षरं होती: ए, एल, ई. "एल," मी वाचलं. "म्हणजे एक प्रकारची बिअर. पितेय वाटतं."

नाचण्यांनी फोन हिसकावला. "बिअर काय, बोरकर! आले! आले म्हणतेय माझी पोर!"

पाठोपाठ तिचा आवाज आला. "बाबा, सॉरी. स्लोप चौतीस होता, सो वी टर्न्ड बॅक. लाँग वे अराउंड."

ते त्यांनी चारदा ऐकलं आणि माझ्यादेखत रडले. मग नाक पुसून गाडी सुरू केली.

ऑफिसच्या उतारावर पुढे एक गाडी होती. नाचणे वर थांबले, मागे हॉर्न सुरू झाले. मी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि ओरडलो, "एका वेळी एकच!"