डॉट आंटीकडचा तेरावा तुकडा

"ताटलीतला शेवटचा तुकडा उचलायचा नाही. समोरची माणसं पाया पडली तरी नाही," शार्लीन नाहूलूनं गाडीतून उतरता उतरता नवऱ्याला बजावलं.

"मी काय लहान आहे का?" वेंडल म्हणाला.

"लहान असतास तर तेव्हाच माफ केलं असतं."

सव्वीस वर्षांपूर्वी वेंडल हवाई बेटांवरच्या हिलो गावी, शार्लीनच्या माहेरी पहिल्यांदा जेवायला गेला असताना बोलण्याच्या नादात त्यानं ताटलीतला कोंबडीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला होता. कुणी चकार शब्द काढला नाही. बेटावरची माणसं अशा वेळी बोलत नाहीत, लक्षात ठेवतात. सासूबाईंनी मरेपर्यंत जावयाचं नाव घेतलं नाही. घरात विषय निघाला की त्या म्हणायच्या, "तो, कोंबडीवाला."

आज प्रसंग त्याहून बाका होता. वेंडलची मुलगी केहाऊ आणि ब्रायसन ओशिरो यांचं लग्न ठरून तीन महिने झाले होते आणि ते कुठं करायचं यावर दोन्ही घरांत तीन महिने फोनवरून धुमसत होतं. ओशिरो काउआई बेटावरचे. त्यांचे दोनशे नातेवाईक तिथं, त्यातले निम्मे विमानाला घाबरणारे. नाहूलू मंडळी तेवीस वर्षं लास वेगासमध्ये. त्यांचा सगळा गोतावळा इथं, आणि केहाऊच्या आत्याचा गुडघा तर पायऱ्या पाहूनच सुजायचा. शेवटी ओशिरो पतिपत्नी स्वतःच आली. समोरासमोर बसून एकदाचं मिटवू असं ठरलं, आणि बसायला जागा ठरली ती डॉट आंटीचं हॉटेल.

हे हॉटेल म्हणजे धोब्याचं दुकान आणि टायरवाला यांच्यामध्ये दडपून बसवलेली एक खोली. आत आठ टेबलं, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर, गल्ल्यामागं सत्तरीची डॉट आंटी. बाहेर त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. पण शनिवारी दुपारी वेगासमधला निम्मा हवाई त्या उन्हात उभं राहून टेबलाची वाट बघायचा.

जेवण छान झालं. ब्रायसनचा बाप स्टॅनली ओशिरो हा शाळेची बस चालवून निवृत्त झालेला काटक, अबोल माणूस. बोलायचं काम त्यानं बायकोवर, आयलीनवर सोपवलेलं होतं. भात संपला, मॅकरोनीचं सॅलड संपलं, पानात गुंडाळून उकडलेलं डुक्कर संपलं. लग्नाचा विषय अजून कुणी काढला नव्हता. जेवताना वाद घालू नये, एवढं सगळ्यांनाच कळत होतं.

मध्ये लसणाच्या तळलेल्या कोंबडीची ताटली होती. डॉट आंटी डझन मागितले की तेरा तुकडे वाढायची. तेरावा तिच्या प्रेमाचा. हे प्रेमच नडलं. दोन्हीकडचे आईबाप आणि पोरं धरून माणसं सहा, प्रत्येकानं दोन-दोन खाल्ले आणि एक उरला.

"घ्या ना," वेंडल म्हणाला.

"छे छे, तुम्ही घ्या," आयलीन म्हणाली.

"आमचं नेहमीचंच आहे हो. तुम्ही लांबून आलात."

"लांबून आलो म्हणून भरपूर खाल्लं. तुम्ही घ्या."

ब्रायसननं हात पुढं केला. आयलीननं टेबलाखालून त्याच्या मांडीला असा चिमटा काढला, की चोवीस वर्षांचा तो धटिंगण हात मागं घेऊन छताकडं बघत बसला. म्हणजे आयलीननंही गाडीतून येताना आपल्या माणसांना काहीतरी बजावलेलं होतं तर. वेंडलला जरा बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. आता कुणीच हटणार नव्हतं.

"बाबा," केहाऊ म्हणाली, "लग्नाचं बोलूया का?"

"थांब गं, आधी ही ताटली रिकामी होऊ दे."

मग स्टॅनलीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "अर्धा अर्धा करू," तो म्हणाला, आणि सुरीनं तुकड्याचे दोन भाग करून त्यातला एक त्यानं स्वतः खाल्ला. वेंडलला माणूस आवडला. सरळ, व्यवहारी माणूस. पण पुढच्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं, की ताटलीत आता जे उरलंय तेही शेवटचंच आहे.

शार्लीन त्याच्याकडं बघत होती. वेंडलनं सुरी घेतली आणि अर्ध्याचा अर्धा करून पाव हिस्सा खाल्ला. आयलीननं पावाचा अर्धा केला. शार्लीननं त्याचा अर्धा केला. सुरी पुन्हा स्टॅनलीकडं आली. त्यानं चष्मा लावला.

"आम्ही जरा जाऊन येतो," केहाऊ ब्रायसनला उठवत म्हणाली.

"हं," वेंडल म्हणाला. त्याची नजर सुरीच्या टोकावर होती. दारावरची घंटी वाजली तेवढी त्यानं ऐकली.

नखाएवढा उरलेला तुकडा चार माणसं डोकी जुळवून कापताहेत, हे दृश्य गल्ल्यामागून डॉट आंटीला दिसलं. तिला वाटायचं तेच वाटलं. ती हात पुसत आली.

"काय सापडलं माझ्या कोंबडीत?"

"काही नाही, आंटी," शार्लीन म्हणाली.

"एकतीस वर्षं कोंबडी तळतेय मी. अशी चिरफाड कुणी केली नव्हती." तिनं तो कण उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळला. "मीठ बरोबर आहे. लसूण बरोबर आहे. मग तुमचं बिघडलं कुठं?"

चौघांनी एकदम सुटकेचा निःश्वास सोडला. आंटीला तो खेदाचा वाटला. ती तरातरा आत गेली, आणि कुणी काही समजावून सांगायच्या आत कढईतून नुकती काढलेली, वाफाळणारी नवी ताटली आणून तिनं टेबलावर आपटली. "ही माझ्याकडून. ही खाऊन सांगा."

ताटलीत तेरा तुकडे होते.

आता नाही म्हणावं तर आंटीचा दुसऱ्यांदा अपमान. चौघं निमूटपणे खाऊ लागली. पहिला तुकडा चवीनं गेला. दुसरा कर्तव्य म्हणून गेला. तिसऱ्याला वेंडलनं पट्टा सैल केला. स्टॅनली घास गिळताना टेबलाची कड घट्ट धरत होता, घाटातल्या वळणावर धरावी तशी. चार त्रिक बारा. चौघांनी मान वर केली तेव्हा ताटलीच्या मधोमध तेरावा तुकडा बसलेला होता, एकटा आणि चांगला तळहाताएवढा.

"घ्या ना," वेंडल म्हणाला. त्याचा आवाज क्षीण झाला होता.

"तुम्ही घ्या," आयलीन म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले होते.

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं तर बहिणीचं अख्खं माहेर येऊन बसलं होतं. वेंडल नाहूलू कॅसिनोत रखवालीची नोकरी करायचा. हरलेल्या, प्यालेल्या, खुर्ची उगारणाऱ्या माणसाला गोड बोलून दाराबाहेर कसं काढायचं हे त्याला ठाऊक होतं. पण एका तळलेल्या तुकड्याला दाराबाहेर कसं काढायचं ते त्याला सुचेना. आणि तो टेबलावर असेपर्यंत मुलीच्या लग्नाचा शब्द काढता येत नव्हता.

बाहेरची रांग टायरवाल्याच्या दारापर्यंत गेली होती. लोक काचेला नाक लावून आत बघत होते. आंटी पुन्हा आली.

"टेबल रिकामं करा बाबांनो. बाहेर माणसं भाजताहेत."

"तुम्ही ताटली उचला ना, आंटी," शार्लीन म्हणाली.

"अन्न असलेली ताटली मी उचलत नाही. माझ्या आईनं तसं शिकवलेलं नाही. डबा देते, घरी न्या."

हे कसं सुचलं नाही, असं सगळ्यांना वाटलं. आंटीनं तुकडा कागदी डब्यात घातला, झाकण लावलं आणि डबा टेबलावर ठेवला. चौघंही डब्याकडं बघू लागली.

"तुम्ही न्या," शार्लीन म्हणाली. "मुक्कामाच्या हॉटेलवर रात्री भूक लागेल."

"तुम्हीच न्या," आयलीन म्हणाली. "केहाऊ खाईल. वाळलीय पोर."

"वाळलीय?"

"म्हणजे, सडपातळ आहे. छान आहे."

शार्लीननं डबा आयलीनच्या पिशवीत सरकवला. आयलीननं तो काढून शार्लीनच्या पर्समध्ये कोंबला. दोघींच्या ओढाताणीत झाकण निघालं, तुकडा उडाला आणि पुन्हा नेमका ताटलीत येऊन पडला. काचेबाहेरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आंटी दारात गेली. "कुणाला कोंबडीचा एक तुकडा हवाय का?" तिनं रांगेला विचारलं.

"किती उरलेत?" रांगेतल्या पहिल्या माणसानं विचारलं.

"एकच."

"मग नको आंटी, तुमच्या माणसांनाच द्या," तो म्हणाला आणि त्यानं मागच्याकडं पाहिलं. मागच्यानं त्याच्या मागच्याकडं पाहिलं. नकार टायरवाल्यापर्यंत जाऊन परत आला. वेगासला येऊन वीस-वीस वर्षं झाली होती त्यांना, घरं झाली होती, पण वळण सुटलं नव्हतं.

"आंटी, मघाशी तुम्हीच खाल्लात ना," वेंडल काकुळतीला येऊन म्हणाला.

"मघाशी चव बघितली. आता खाल्ला तर हावरट म्हणतील."

रांगेत इथल्या चर्चचे पास्टर मोझेस कामाका होते. घामानं निथळत होते. त्यांना आत बोलावलं गेलं. आंटीनं त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडं वळवला आणि प्रकरण सांगितलं. पास्टरांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या. माणूस पोचलेला. त्यांनी जागेवाटपाची भांडणं मिटवली होती, मोडकळीला आलेले संसार सांधले होते. ते बराच वेळ तुकड्याकडं बघत राहिले.

"आपण प्रार्थना करू," ते शेवटी म्हणाले.

सगळे उभे राहिले. पास्टरांनी तुकड्यावर हात धरून दोन्ही कुटुंबांच्या उदारपणाबद्दल, आंटीच्या कष्टांबद्दल आणि कोंबडीबद्दल देवाचे आभार मानले. प्रार्थना लांबली. रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. आमेन झाल्यावर पास्टर समाधानानं खुर्चीत टेकले, आणि मग त्यांनी काय करून ठेवलंय ते सगळ्यांच्या हळूहळू लक्षात आलं. आतापर्यंत तो नुसता शेवटचा तुकडा होता. आता तो आशीर्वाद दिलेला शेवटचा तुकडा होता. अगदीच नाइलाज झाला तर रुमालात गुंडाळून टाकून द्यायचा, असा एक विचार वेंडलनं मनात लपवून ठेवला होता. तीही वाट बंद झाली.

"पास्टर, तुम्हीच घ्या," स्टॅनली म्हणाला.

"तुमच्या घरचं कार्य आहे. मी कसा घेऊ?" पास्टर म्हणाले आणि खुर्ची ताटलीपासून वीतभर मागं सरकवली.

साडेतीन वाजले. वेंडल आणि स्टॅनली शेजारी शेजारी खुर्च्या टेकून बसले होते. दोघांनाही धड वाकता येत नव्हतं.

"वेंडल," स्टॅनली हळूच म्हणाला, "मी तीस वर्षं पोरांची बस चालवली. पण इतका कधी अडकलो नव्हतो."

"माझ्यामुळं झालं. मी पहिल्यांदा 'घ्या' म्हणालो."

"नाही, नाही. मी कापायला नको होता."

"कापलात ते बरोबरच केलंत. चूक माझी."

"तुमची कशी? माझी."

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. केहाऊ आणि ब्रायसन आत आली. केहाऊच्या गळ्यात कागदी फुलांची माळ होती, केस विस्कटलेले होते आणि हातात गुंडाळलेला कागद होता. उन्हानं दोघं लालबुंद झाली होती.

"अजून इथंच?" केहाऊ म्हणाली.

"आम्हाला वाटलं तुम्ही मुक्कामावर गेला असाल," ब्रायसन म्हणाला. "भूक लागलीय." आणि त्यानं उभ्या उभ्या तो तुकडा उचलला, दोन घासांत संपवला आणि बोटं चाटली.

पास्टरांनी मान खाली घातली. रांगेतलं एक मूल "आई, त्यानं खाल्ला" असं म्हणालं आणि आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"आम्ही लग्न केलं," केहाऊनं कागद उलगडून दाखवला. "तुमचं काही होईना. आधी नोंदणीच्या कचेरीत गेलो, मग शेजारच्या चॅपलमध्ये. रांगसुद्धा नव्हती."

"लग्नाचं मग बघू," आयलीन म्हणाली. "तो तुकडा का खाल्लास तू?"

"उरला होता म्हणून."

आयलीननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. स्टॅनली खुर्चीतून प्रयत्नपूर्वक उठला आणि वेंडलसमोर कमरेत वाकला. भरल्या पोटी ते सोपं नव्हतं. "माफ करा," तो म्हणाला. "आम्ही त्याला असं वाढवलेलं नाही."

वेंडलनं जावयाकडं पाहिलं. ओठाला तेल लागलेलं, चेहरा निष्पाप, कसली माफी चाललीय याचा पत्ता नसलेला. वेंडलला एकदम इतकं हलकं वाटलं की त्यानं उठून पोराला मिठी मारली. मग केहाऊला मारली. मग, ती लग्न करून आलीय हे डोक्यात शिरल्यावर, पुन्हा एकदा मारली आणि तो रडू लागला. शार्लीन रडू लागली, आयलीन रडू लागली. आंटीनं रिकामी ताटली उचलली आणि ती उराशी धरून तीही रडली. पास्टरांनी, आलोच आहोत तर, पुन्हा आशीर्वाद दिला.

टेबल पुसलं गेलं, पण त्यांना उठवायचं कुणाच्या मनात आलं नाही. शार्लीननं नाक पुसलं.

"झालं ते छान झालं. पण मेजवानी हवीच," ती म्हणाली. "आणि ती काउआईलाच करा. दोनशे माणसं तुमची, ती कुठं येणार विमानानं?"

"भलतंच काय?" आयलीन म्हणाली. "मुलगी तुमची. इथंच करा. केहाऊच्या आत्याच्या गुडघ्याचा विचार करा जरा."

"गुडघ्याचं काय, खुर्चीत घालून नेऊ. तुमच्याकडंच."

"नाही नाही, तुमच्याकडंच."

"स्टॅनली, तुम्ही सांगा," वेंडल म्हणाला. "काउआई."

"वेगास," स्टॅनली ठामपणे म्हणाला.

आंटीनं गल्ल्यामागून एक उसासा टाकला आणि ती रांगेतल्या लोकांना बसायला मागच्या खोलीतून खुर्च्या आणायला गेली. केहाऊनं ब्रायसनकडं पाहिलं. ब्रायसननं गाडीची किल्ली उचलली, आणि दोघं पाय न वाजवता दाराकडं निघाली.